संकेतस्थळाचा हाशिया

जुनी उर्दू, फारसी किंवा अरबी पुस्तके तुम्ही पाहिली असतील. पानाच्या मधोमध मूळ मजकूर असतो. त्याच्या कडेने बारीक अक्षरांत आणखी काही लिहिलेले असते. कधी कठीण शब्दाचा अर्थ, तर कधी एखाद्या ओळीचे स्पष्टीकरण. पानाच्या या कडेला आपण उर्दूत हाशिया म्हणतो. मराठीत तिला समास म्हणतात. (व्याकरणातला समास वेगळा. परीक्षेत दोन्हींची गल्लत करू नका.)

संगणकावर दिसणाऱ्या संकेतस्थळालाही असाच हाशिया असतो. मधल्या भागात मुख्य लेख आणि बाजूच्या अरुंद पट्टीत लहान लहान चौकटी. एका चौकटीत दिनदर्शिका, दुसरीत ताज्या बातम्या, तिसरीत शोध घेण्याची जागा. या पट्टीला साइडबार म्हणतात आणि तिच्यातल्या एकेका चौकटीला विजेट. आज आपण असे एक विजेट स्वतः कसे तयार करायचे ते पाहणार आहोत. पण त्याआधी मला ते का करावेसे वाटले, हे सांगायला हवे.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. एकदा आठवीतल्या एका मुलाने निबंधात लिहिले, 'माझे वडील दप्तरात काम करतात.' मी लाल शाईने 'दप्तरात' खाली रेघ मारली आणि बाजूला 'कार्यालयात' असे लिहिले. वही परत मिळाल्यावर तो मुलगा माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, दफ्तर म्हणजे ऑफिसच ना? मग मराठीत ते पाठीवर कसे घेतात?" वर्ग हसला. मीही हसलो. घरी गेल्यावर मात्र मला माझीच लाज वाटली. पुण्यात पेशव्यांच्या काळातील कागदपत्रांचा जो प्रचंड साठा आहे, त्याला 'पेशवे दप्तर' असेच म्हणतात. ते काही कुणी पाठीवर घेत नाही. म्हणजे मुलाचा शब्द मराठीला अगदी परका नव्हता. शब्द एकच, पण दोन भाषांत राहून त्याचे अर्थ वेगळे झाले होते, एवढेच. लाल रेघ मारण्यापूर्वी ही गोष्ट मी त्याला सांगायला हवी होती.

असे शब्द शोधू लागलो तर यादी वाढतच गेली. उर्दूत 'खुलासा' म्हणजे सारांश, मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण. उर्दूत 'तकरार' म्हणजे पुन्हा पुन्हा सांगणे किंवा वादावादी, मराठीत तक्रार म्हणजे गाऱ्हाणे. उर्दूत 'राजीनामा' म्हणजे दोन पक्षांनी राजीखुशीने लिहून दिलेला करार, आणि मराठीत राजीनामा दिला म्हणजे माणसाने नोकरी सोडली! आपल्या मुलांना मराठी अवघड वाटते त्यात या सारख्या दिसणाऱ्या शब्दांचा वाटा मोठा आहे. तेव्हा शाळेच्या संकेतस्थळाच्या साइडबारमध्ये रोज असा एक शब्द दाखवावा, असे मी ठरवले. विजेटचे नाव ठेवले 'आजचा शब्द'.

आमचे संकेतस्थळ वर्डप्रेस या प्रणालीवर चालते. २००३ साली अमेरिकेतील मॅट मुलेनवेग आणि इंग्लंडमधील माइक लिटल या दोघांनी 'बीटू' नावाच्या जुन्या प्रणालीवरून वर्डप्रेस तयार केले. ते कोणालाही विनामूल्य वापरता येते. त्याची संगणकीय लिखावट उघडून वाचता येते, तिच्यात बदल करता येतो आणि बदललेली प्रत दुसऱ्याला देताही येते. वर्डप्रेस 'पीएचपी' या भाषेत लिहिलेले आहे.

आता एक महत्त्वाची गोष्ट. लिखावट बदलता येते, म्हणून वर्डप्रेसच्या मूळ फाइलींमध्ये हात घालायचा नाही. नवी आवृत्ती आली की जुन्या मूळ फाइली पुसल्या जातात आणि त्यांच्याबरोबर आपण केलेली दुरुस्तीही जाते. भाड्याच्या घराची भिंत फोडून कपाट करण्यापेक्षा आपले कपाट वेगळे आणून ठेवावे, हे बरे. असे बाहेरून आणून जोडलेले कपाट म्हणजे प्लगइन. हवे तेव्हा जोडावे, नको तेव्हा काढावे. मूळ घराला धक्का लागत नाही.

सरावासाठी चालू संकेतस्थळ कधीही वापरू नका. 'एक्सॅम्प' नावाचा विनामूल्य संच आपल्या संगणकावर बसवला की वर्डप्रेस त्याच संगणकावर चालवता येते. तेथे काही बिघडले तरी ते तुमच्याशिवाय कोणाला दिसत नाही. आणि सुरुवातीला बिघडणारच.

वर्डप्रेसच्या संचात 'डब्ल्यूपी-कंटेंट' नावाचा फोल्डर असतो आणि त्याच्या आत 'प्लगइन्स' नावाचा. त्यात आपल्या विजेटसाठी एक नवा फोल्डर करावा आणि त्या फोल्डरमध्ये पीएचपीची एक फाइल. (या पाठात मी संगणकाच्या शब्दांचे उच्चार देवनागरीत देत आहे. प्रत्यक्ष फाइलमध्ये ते रोमन लिपीतच लिहावे लागतात.) फाइलच्या अगदी वर तिरपी रेघ आणि तारा ही चिन्हे टाकून एक टीप लिहायची असते. टीप ही माणसांसाठी असते, संगणक ती आज्ञा म्हणून पाळत नाही. परंतु येथे एक गंमत आहे. वर्डप्रेस प्रत्येक फाइलच्या सुरुवातीचा थोडा भाग वाचून पाहते आणि त्या टिपेत 'प्लगइन नेम' अशी ओळ शोधते. ती सापडली तरच आपले प्लगइन यादीत दिसते. आवृत्तीचा क्रमांक, लेखकाचे नाव वगैरे ओळी लिहिल्या तर चांगले, न लिहिल्या तरी चालते. नावाची ओळ मात्र हवीच. हजेरीपटात नाव नसेल तर मुलगा वर्गात बसलेला असूनही गैरहजरच धरतात, तसे हे आहे.

त्याखाली खरे काम सुरू होते. संगणकाच्या भाषेतही 'वर्ग' असतो, त्याला क्लास म्हणतात. एखादी वस्तू कशी असावी आणि तिने काय काय करावे याचा आराखडा म्हणजे क्लास. वर्डप्रेसमध्ये २००९ पासून 'डब्ल्यूपी विजेट' नावाचा एक तयार क्लास आहे. साइडबारमध्ये जागा मिळवणे, माहिती साठवणे, एकच विजेट दोन ठिकाणी ठेवले तर दोघांचा हिशेब वेगळा ठेवणे, ही सारी कामे त्याला येतात. आपण आपला क्लास त्याचा वारस म्हणून लिहायचा. वडिलांचे घर वारशाने मिळाले की पुन्हा पाया खणावा लागत नाही. फक्त आपल्या गरजेपुरते बदल करायचे. आपल्या क्लासमध्ये चार कृती लिहाव्या लागतात.

पहिल्या कृतीचे नाव 'कन्स्ट्रक्ट'. तिच्या आधी दोन अधोरेषा द्याव्या लागतात. विजेट जन्माला येताना ती एकदा चालते. तिच्यात विजेटचे अंतर्गत नाव, लोकांना दिसणारे नाव आणि एका ओळीचा परिचय द्यायचा. हे काम सोपे आहे, त्यावर वेळ घालवायला नको.

'फॉर्म' नावाची कृती संकेतस्थळाचा कारभार पाहणाऱ्यासाठी असते. म्हणजे शाळेत माझ्यासाठी! तिच्यात आपण दोन जागा ठेवू. शीर्षकासाठी एक ओळ आणि शब्दांच्या यादीसाठी एक मोठी चौकट. यादीच्या प्रत्येक ओळीत आधी उर्दू शब्द, मग एक उभी रेघ आणि त्यापुढे मराठी अर्थ असे लिहायचे.

मी 'जतन करा' ही कळ दाबली की 'अपडेट' नावाची कृती चालते. जुनी माहिती आणि नवी माहिती अशा दोन्ही तिच्या हातात येतात. नवी माहिती धुऊन-पुसून परत देणे हे तिचे काम. ती जे परत देईल तेच साठवले जाते. धुऊन-पुसून का? कारण चौकटीत कोणीही काहीही लिहू शकतो. शब्दाच्या जागी एखादी छुपी आज्ञा लिहिली आणि आपण ती तशीच पानावर छापली, तर संकेतस्थळ उघडणाऱ्या प्रत्येकाच्या संगणकात ती आज्ञा चालू लागेल. शाळेचे पान उघडणाऱ्या मुलाला भलत्याच ठिकाणी नेऊन सोडणारी युक्ती अशीच केलेली असते. म्हणून वर्डप्रेसमध्ये माहिती स्वच्छ करणारी तयार साधने दिलेली आहेत. एका ओळीच्या मजकुरासाठी 'सॅनिटाइझ टेक्स्ट फील्ड' आणि अनेक ओळींसाठी 'सॅनिटाइझ टेक्स्टएरिया फील्ड'.

या दोन नावांतला फरक मला चांगलाच महागात पडला. मी दोन्ही जागांसाठी पहिलेच साधन वापरले. तीस शब्द मोठ्या हौसेने टंकलिखित केले, कळ दाबली आणि पाहतो तर सगळे शब्द एकाच लांबलचक ओळीत! पहिले साधन ओळींमधली तोड हीसुद्धा घाण समजून पुसून टाकते. संगणकाची यात काही चूक नव्हती. त्याला एका ओळीचे साधन दिले, त्याने एक ओळ करून दिली. यादी मी पुन्हा लिहून काढली, पण त्या दिवसापासून कोणतेही साधन वापरण्यापूर्वी त्याची माहिती पूर्ण वाचतो.

चौथी कृती 'विजेट' नावाचीच आहे. पाहुणा संकेतस्थळावर आला की ही चालते आणि साइडबारमध्ये जे दिसायचे ते छापते. छापण्याच्या आधी आणि नंतर, तसेच शीर्षकाच्या आधी आणि नंतर काय यावे, हे संकेतस्थळाची सजावट ठरवते. त्या सजावटीला थीम म्हणतात. थीमने दिलेले हे चार तुकडे आपण जागच्या जागी छापले की आपली चौकट इतर चौकटींसारखीच दिसू लागते. आपण आपलीच सजावट लादली तर ती वेगळी पडते. मोहल्ल्यातल्या एकाच घराला भडक रंग दिल्यासारखे ते दिसते. छापताना शब्द पुन्हा एकदा 'एस्केप एचटीएमएल' या साधनातून काढायचे. आत घेताना धुतलेले भांडे वाढताना पुन्हा पुसतो ना, तसेच.

आता मुख्य प्रश्न. तीस शब्दांमधून आजचा शब्द कोणता हे संगणकाने कसे ठरवायचे? येथे तुमचा गणिताचा भागाकार कामाला येतो. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक क्रमांक असतो. संगणक १ जानेवारीला शून्य म्हणतो, २ जानेवारीला एक. लीप वर्ष नसेल तर १५ जूनचा क्रमांक १६५ येतो. १६५ ला ३० ने भागा. भागाकार ५, बाकी १५. ही बाकीच आपल्याला हवी आहे. ३० ने भागल्यावर बाकी शून्यापासून एकोणतीसपर्यंतच येऊ शकते आणि संगणक यादीही शून्यापासूनच मोजतो. म्हणून बाकी १५ म्हणजे यादीतला सोळावा शब्द. दुसऱ्या दिवशी बाकी १६, सतरावा शब्द. उद्या कोणी यादीत आणखी एक शब्द घातला तर भाजक ३१ होईल आणि १५ जूनला बाकी १० उरेल. अकरावा शब्द येईल. हिशेब आपोआप बदलतो, आपल्याला काही करावे लागत नाही.

एक धोका मात्र आहे. यादी रिकामी असेल तर भाजक शून्य होतो. शून्याने भागता येत नाही, हे तुम्ही शिकला आहात. संगणकालाही ते येत नाही. तो अडतो आणि पान अर्ध्यावरच थांबते. म्हणून भागण्यापूर्वी यादीत किती शब्द आहेत ते तपासायचे आणि एकही नसेल तर काही न छापता परत फिरायचे. रिकाम्या ओळीही आधीच काढून टाकायच्या. एवढी एक ओळ लिहायला विसरल्यामुळे बंद पडलेली पाने मी पाहिली आहेत.

विजेट सुरू झाल्यावर आठवडाभराने नववीतली एक मुलगी म्हणाली, "सर, शब्द रात्री बारा वाजता बदलत नाही. फजरच्या नमाजाला उठले तेव्हा कालचाच शब्द होता. नंतर चहाच्या वेळी बदलला." मी तपासले. तिचे म्हणणे अगदी खरे होते. शब्द पहाटे साडेपाच वाजता बदलत होता. कारण काय असेल, विचार करा. मी पीएचपीची साधी तारीख वापरली होती. वर्डप्रेसमध्ये ती जागतिक प्रमाणवेळेनुसार चालते आणि भारताची वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. तिकडे मध्यरात्र होते तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेपाच वाजलेले असतात. २०१९ पासून वर्डप्रेसमध्ये 'डब्ल्यूपी डेट' नावाचे साधन आहे. संकेतस्थळाच्या नोंदींमध्ये कोलकाता हा कालविभाग निवडला की हे साधन आपल्याकडची तारीख सांगते. मी ते घातले आणि शब्द मध्यरात्री बदलू लागला. भूगोलात रेखावृत्ते कशासाठी शिकायची, असे विचारणाऱ्यांना मी आता ही हकिकत सांगतो.

यानंतरची अडचण खास आपली आहे. मराठी डावीकडून उजवीकडे लिहितात, उर्दू उजवीकडून डावीकडे. एका चौकटीत दोघी आल्या की काय होईल? शब्दातली अक्षरे संगणक बरोबर लावतो, कारण प्रत्येक अक्षराला स्वतःची दिशा असते. पण उद्गारचिन्ह, कंस आणि विसर्गासारखे दोन ठिपके यांना स्वतःची दिशा नसते. ती आजूबाजूच्या अक्षरांकडे आणि परिच्छेदाच्या दिशेकडे पाहून जागा घेतात. मराठी पानावर मी उर्दूत 'शाबाश' लिहून पुढे उद्गारचिन्ह दिले, तर ते चिन्ह शब्दाच्या शेवटी येण्याऐवजी सुरुवातीला जाऊन बसले! उर्दूचे स्वतःचे प्रश्नचिन्ह असे पळत नाही, कारण त्याला दिशा दिलेली आहे.

यावर उपाय सोपा आहे. उर्दू शब्दाभोवती एक खूण घालायची आणि त्या खुणेत दोन गोष्टी सांगायच्या. भाषा उर्दू आणि दिशा उजवीकडून डावीकडे. मराठी शब्दालाही त्याची भाषा सांगावी. अंध व्यक्तींसाठी पान मोठ्याने वाचून दाखवणारे यंत्र या खुणेवरूनच उच्चार ठरवते. खूण नसेल तर ते उर्दू शब्द भलत्याच भाषेच्या नियमाने वाचण्याचा प्रयत्न करील.

अक्षरांच्या वळणाचाही विचार करावा लागतो. आपल्याला उर्दू नस्तालीकमध्ये वाचायची सवय. तीच अक्षरे नस्खमध्ये दिसली की अर्थ कळतो, पण परक्या घरी गेल्यासारखे वाटते. नस्तालीकमध्ये शब्द वरून खाली तिरपा उतरतो, म्हणून तो संगणकावर आणणे फार कठीण गेले. मिर्झा अहमद जमील यांनी जोडाक्षरांचे हजारो आकार हाताने काढले आणि त्यांतून 'नूरी नस्तालीक' तयार झाले. १९८१ मध्ये लाहोरचा 'जंग' त्या अक्षरांत छापला गेला. त्यापूर्वी उर्दू दैनिकांची पाने सर्वसाधारणपणे कातिब हाताने लिहीत असत. आज 'नोटो नस्तालीक उर्दू' हा टंक विनामूल्य मिळतो. तो वापरताना दोन ओळींमधले अंतर नेहमीपेक्षा बरेच वाढवा. नाही तर वरच्या ओळीचे नुक्ते खालच्या ओळीच्या डोक्यावर पडतात.

चारही कृती लिहून झाल्या तरी एक काम उरते. आपला क्लास तयार आहे, हे वर्डप्रेसला अजून ठाऊक नाही. वर्डप्रेस सुरू होताना ठरलेल्या क्षणी हाक देते. विजेटांची हाक 'विजेट्स इनिट' या नावाची असते. त्या वेळी आपल्या क्लासची नोंद करावी, असे फाइलच्या शेवटी दोन-तीन ओळींत लिहायचे. मग प्लगइनच्या यादीत जाऊन ते सुरू करायचे आणि विजेटच्या पानावरून साइडबारमध्ये ठेवायचे. २०२१ पासून हे पान 'ब्लॉक' पद्धतीचे झाले आहे, पण आपल्यासारखी जुन्या धाटणीची विजेटे त्यातही चालतात. थीम मात्र साइडबार देणारी असावी. पूर्णपणे ब्लॉकवर बांधलेल्या नव्या थीममध्ये विजेटचे पानच सहसा दिसत नाही. आपले विजेट कोठे गेले म्हणून शोधत बसू नका.

कोठे अर्धविराम राहिला आणि पान पांढरे पडले तर घाबरू नका. प्लगइनच्या फोल्डरचे नाव बदला. वर्डप्रेसला ते सापडत नाही, ते प्लगइन बाजूला पडते आणि संकेतस्थळ पुन्हा उभे राहते. चूक शोधून दुरुस्त करा आणि नाव पूर्ववत करून प्लगइन पुन्हा सुरू करा.

विजेट तयार झाले तेव्हा ज्या मुलाच्या वहीवर मी लाल रेघ मारली होती, त्याला बोलावून यादी दाखवली. तो बराच वेळ ओळी मोजत होता. मग म्हणाला, "सर, दप्तर सोळाव्या ओळीवर ठेवा. शाळा १५ जूनला उघडते ना, त्या दिवशी येईल." मी तो शब्द सोळाव्या ओळीवर नेला. लीप वर्षी तो एक दिवस आधी, १४ जूनला येईल, हेही त्यानेच मला सांगितले.